पावती निघालीच नव्हती

मिलिंदअण्णा,

तुम्ही जाऊन आज तीन आठवडे होतील. तुमच्या टेबलावर अजून कुणी बसलेलं नाही. फोन वाजला की आम्ही सगळे एकमेकांकडे बघतो, मग कुणीतरी उठतं, आणि तोवर तो बंद झालेला असतो. डाळमिलवाल्यांना तुमच्या ‘हां अण्णा, बोला की’ची सवय झालीय. परवा मी उचलला तर हुमनाबादचे मुनीम म्हणाले, “तुमी ठेवा बाई, मिलिंदअण्णाला द्या.” मी त्यांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, “बरं, काटा चालायलाय, राहू द्या.” कशासाठी फोन केला होता ते शेवटपर्यंत त्यांनी सांगितलंच नाही.

मला तुमच्याशी एक गोष्ट बोलायची राहून गेली. राहून गेली कसली, मी ती दोन वर्षं गिळून बसले. त्या सोमवारी सकाळी पावती निघालीच नव्हती. मी ती काढलीच नव्हती. तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी ‘निघाली’ म्हणाले, ते खोटं होतं. आता पहिल्यापासून सगळं सांगते. अर्धवट सांगितलेलं तुम्हाला कधी चाललंच नाही.

तुम्हाला जे पाठ आहे तेही थोडं लिहिते, कारण हे कागद दुसऱ्या कुणी वाचले तर त्यांना कळायला हवं. आपला धंदा काट्याचा. तुरीचा ट्रॅक्टर डाळमिलच्या वजनकाट्यावर चढतो, वजन होतं, पावती निघते. ती पावती काढणारा प्रोग्रॅम आपला. तो एकसंध नसतो, बऱ्याच लहान लहान गाठोड्यांचा मिळून बनतो. काही गाठोडी आपण बांधलेली, काही जगभरातल्या लोकांनी बांधून सगळ्यांसाठी ठेवलेली. त्यांनाच पॅकेज म्हणतात. बाहेरचं पॅकेज कोण कधी बदलेल, कोण काढून घेईल याचा भरवसा नाही, आणि आपलं काम सगळ्या जगासमोर उघडं टाकायचं नाही, म्हणून तुम्ही ऑफिसातच स्वतःचा सर्व्हर उभा केलात. सगळी पॅकेजं त्यात, आणि प्रत्येक मिलचं कॉम्प्युटर तिथूनच माल उचलणार. तुम्ही त्याला कोठी म्हणायचात. आपल्या मालकांनी, म्हणजे सरांनी, पाहुण्यांसमोर कितीदा ‘सर्व्हर म्हणा हो’ म्हणून बघितलं, पण शेवटी तेसुद्धा कोठीच म्हणायला लागले.

मी मंठाळहून बिदरच्या या ऑफिसात आले तेव्हा मला त्या कोठीचा कारभार बघून हसू आलं होतं. मी शिकून आले होते ना! पहिल्याच महिन्यात मी भिंतीवर टीव्ही लावून घेतला आणि त्यावर सर्व्हरची नाडी दाखवली. सर्व्हर जागा आहे का, जागा किती उरली, पान उघडतंय का, सगळं हिरव्या दिव्यांत. सर खूश झाले. तुम्ही चष्मा वर करून पाच मिनिटं बघत राहिलात आणि म्हणालात, “हिरवं दिसायलंय म्हणून काय झालं अक्का? माल हातात येऊ दे.”

मी तुमच्याहून चौदा वर्षांनी लहान, तरी मी ‘अक्का’. मला वाटायचं लाडानं म्हणताय. पुढे एकदा कळलं की मी आल्या दिवसापासून सगळ्यांना शिकवत सुटले होते म्हणून ते नाव पडलं.

तुमची रीत वेगळी होती. रोज सकाळी साडेनऊला तुम्ही तो जुना लॅपटॉप काढायचात. त्याचं पोट आधी पूर्ण रिकामं करायचं, कालचं काही शिल्लक ठेवायचं नाही. मग एखाद्या नव्या मिलमध्ये बसवतो तसा काट्याचा प्रोग्रॅम कोठीतून मागवायचा, बसवायचा आणि खोट्या वजनाची एक खरी पावती छापायची. ती तारेला टोचली की तुमचा दिवस सुरू व्हायचा. त्याआधी चहासुद्धा नाही. मी म्हणायचे, अण्णा, हे सगळं माझा टीव्ही मिनिटामिनिटाला बघतोय. तुम्ही म्हणायचात, “तुझा टीव्ही दुकान उघडं हाय का तेवढं बघायलाय. आत माल हाय का कोण बघणार?”

त्यावर आपलं रोजचं भांडण ठरलेलं. तसंच अपग्रेडवरून. कोठीचं नवं व्हर्जन आलं की मला ते त्याच आठवड्यात हवं असायचं, आणि तुमचं एकच, “चालायलंय ना? मग हात कामून लावायलीस?” मी म्हणायचे, जुन्यात भोकं असतात, चोर शिरतील. तुम्ही नव्या व्हर्जनबरोबर आलेलं पत्रक छापून घ्यायचात आणि ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचायचात, सगळं, अगदी शेवटच्या आभारांपर्यंत. मला तेव्हा इतका राग यायचा! आता खरं सांगते, त्या वाचनातून मी जेवढं शिकले तेवढं कॉलेजच्या तीन वर्षांत शिकले नाही. हे तुम्हाला एकदा तरी सांगायला हवं होतं.

त्या वर्षी तुम्ही म्हणत होतात की तुरीचा हंगाम संपू दे, मग करू. मी ऐकलं नाही. भोक मोठं होतं, बातम्या आल्या होत्या, आणि मी बरोबर होते, ते तुम्हीही मान्य केलंत. शेवटी ठरलं की नव्या मशीनवर नवी कोठी उभी करायची आणि जुनं मशीन चिंचोळीच्या मिलला द्यायचं, कारण त्यांचं बंद पडलं होतं. तुमची अट एकच. नव्या कोठीतून पावती निघाल्याशिवाय जुनी पुसायची नाही.

सोमवारी तुम्ही मन्नाएखेळ्ळीला नवा काटा बसवायला गेलात. मी आठ वाजता ऑफिसात आले आणि दीड तासात नवी कोठी उभी केली. पॅकेजांची यादी आली, नावं आली, सगळे नंबर आले. टीव्ही हिरवागार. तुमचा लॅपटॉप मी काढलाही होता अण्णा, पण त्याची बॅटरी उतरलेली होती, चार्जर सापडेना, आणि चिंचोळीची गाडी खाली येऊन हॉर्न वाजवत होती. तेवढ्यात तुमचा फोन आला. पाठीमागून हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येत होता.

“पावती निघाली का?”

“निघाली.”

“व्हय? मग पुसून टाक जुनी. गाडीवाल्याला थांबवू नकोस.”

फोन ठेवल्यावर लगेच चार्जर शोधून पावती काढायची, असं मी मनात म्हटलं होतं. मग मशीन पुसलं, गाडीत चढवलं, आणि कुणीतरी चहा आणला.

नव्या कोठीत फक्त यादी आली होती. पॅकेजं ज्या वेगळ्या डिस्कवर होती ती मी जोडलीच नव्हती, आणि ती डिस्क जुन्या मशीनच्याच पोटात होती, त्याच्याबरोबरच पुसली गेली. माझा बॅकअपसुद्धा यादीचाच निघाला. मंगळवारी सकाळी सात मिलांच्या कॉम्प्युटरांनी ठरल्याप्रमाणे जुना प्रोग्रॅम काढला आणि नवा मागितला. कोठीनं नाव दाखवलं, नंबर दाखवला, आणि हातात काही दिलं नाही. सातही मिलांचे काटे ऐन तुरीत बंद पडले. रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली. आणि आपल्या भिंतीवर सगळे दिवे हिरवे होते.

सरांनी आपल्या दोघांना बोलावलं. सरांना ओरडता येत नाही, ते हळू बोलतात आणि तेच जास्त लागतं. त्यांनी विचारलं, जुनी पुसायला कुणी सांगितलं? तुम्ही म्हणालात, “म्या सांगितलं सर. पावती निघाली हुती, म्हणून म्याच पुसाय सांगितलं.”

आणि मग तुम्ही सरांना कारण समजावून दिलंत. सोमवारी साडेनऊला पावती निघाली म्हणजे साडेनऊला माल होता. मंगळवारी सकाळी नाही, म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी खाल्ला. मधल्या वेळात चालतं ते एकच, तुम्ही काही वर्षांपूर्वी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम. अर्धवट उतरलेल्या फायली तो रोज बारा वाजता साफ करायचा, तुम्ही त्याला झाडू म्हणायचात. नव्या कोठीत त्यानं चुकीची खोली झाडली असणार. “माझ्या झाडूनं खाल्लं सगळं,” तुम्ही म्हणालात. तुमचा हिशेब अगदी चोख होता. फक्त त्याची पहिलीच ओळ माझी होती, आणि ती खोटी होती.

लोकांना वाटेल तुम्ही मला पाठीशी घातलंत. तसं असतं तर मला इतकं जड गेलं नसतं. तुम्हाला काही माहीतच नव्हतं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि त्या विश्वासावर स्वतःला दोषी ठरवलंत. मी गप्प का बसले? माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मला बिदरला एक वर्षासाठी पाठवलं होतं, जमलं तर ठीक, नाहीतर परत यायचं, असं बोलणं झालं होतं. ही सबब पहिल्या दिवसापुरती खरी होती. पुढच्या दोन वर्षांना ती पुरत नाही.

त्यानंतरचे चार दिवस मात्र माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, हे कसं सांगू? ज्या मिलांत अजून जुना प्रोग्रॅम शिल्लक होता तिथं जाऊन, त्यांच्या धुळीनं भरलेल्या कॉम्प्युटरांतून एकेक पॅकेज पेनड्राइव्हवर काढून आणायचं होतं. औरादपासून कलबुर्गीपर्यंत आपण बसनं हिंडलो. प्रत्येक फाइलीची एक लांबलचक खूण असते, आकडे आणि अक्षरं मिळून. यादीतल्या खुणेशी ती जुळली तरच फाइल अस्सल. तुम्ही त्याला अंगठा म्हणायचात. तुम्ही वाचायचात, मी यादीत बघायचे. आकडे तुम्ही कन्नडात म्हणायचात, न जुळला की शिवी दखनीत, आणि जुळला की मराठीत, “आला गं बाई माझा!” हुमनाबादच्या मुनिमांना वाटलं आपण काही मंत्रबिंत्र म्हणतोय. त्यांनी चप्पल बाहेर काढली आणि मग आत आले.

परतताना बसस्टँडवर आपण भिजवून फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला खाल्ली. तुमच्या बोटांवर धूळ होती, तुम्ही दोनदा हात धुतलेत. म्हणालात, “माझ्यामुळं तुला वणवण झाली अक्का.” मी कागदातल्या मिरच्या वेचत राहिले. तेव्हा बोलायला हवं होतं. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं, बसला अर्धा तास होता.

पुढच्या सोमवारी सरांनी कोठीच्या किल्ल्या तुमच्याकडून काढून माझ्याकडे दिल्या, आणि तुम्हाला फोनच्या टेबलावर बसवलं. तुम्ही सगळे पासवर्ड स्वच्छ अक्षरात लिहून दिलेत, कोणता का ठेवला त्याच्या कारणासकट. रागावला असतात तर मला बरं वाटलं असतं.

मी एकच केलं. तुमची रीत मी टीव्हीला शिकवली. आता दर तासाला एक रिकामं मशीन उठतं, कोठीतून सगळा माल मागवतं, बसवतं आणि पावती तयार करतं. पावती निघाली तरच दिवा हिरवा. लोकांना वाटलं मी हुशार आहे. मी घाबरलेली होते, एवढंच. तुम्ही फोनवरून उठून आलात, पाहिलंत, आणि लहान पोरासारखे हसलात. “माझं खूळ मशिनीला लावलीस की गं!” त्या दिवशी पुन्हा जिभेवर आलं होतं. पण तुम्ही लगेच ती वही काढलीत.

ती वही, अण्णा. झाडूनं चुकीची खोली कशी झाडली याचा शोध. तुम्ही तो प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासलात, चाळीस प्रकारे चालवून बघितलात, आणि त्यानं एकदाही चुकीची खोली झाडली नाही. झाडणारच नव्हता, तो चांगलाच लिहिलेला होता. तुम्ही मला पान दाखवून म्हणायचात, “बघ, साडेनऊला पावती. इथवर पक्कं. पुढं काय झालं ते सापडंना गेलंय.” प्रत्येक पानावर सगळ्यात वर तीच ओळ होती. मी मान हलवायचे. शेवटच्या आठवड्यातसुद्धा तुम्ही म्हणालात की एक नवी शंका आलीय, सोमवारी बोलू.

काल जनवाड्याला तुमच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, मग लोक एकेक करून उठून तुमच्याबद्दल बोलले. सरही बोलले, मनापासून बोलले. आणि शेवटी म्हणाले की माणसाच्या हातून एखादी चूक होते, पण मिलिंदनं ती ज्या मोठ्या मनानं कबूल केली तसा माणूस मी पाहिला नाही. मांडवातले लोक माना डोलवत होते. माझा नंबर आला. मी उभी राहिले आणि अण्णांनी मला किती शिकवलं, याच्यावर चार वाक्यं बोलून खाली बसले. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

जेवणं सुरू झाली तेव्हा मी मागं गेले. सुजातावहिनी पत्रावळ्या मोजत होत्या. मी त्यांना सांगितलं, उभ्याउभ्या, जसं इथं लिहिलंय तसंच. त्या कॉम्प्युटर शिकलेल्या नाहीत, म्हणून मी सोपं करून सांगायला लागले, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“म्हंजे झाडूनं काय खाल्लं न्हवतं?”

घरात तुम्ही त्यांना किती सांगितलं असेल ते मला तेव्हा कळलं.

“नाही वहिनी.”

“दर रविवारी वही घेऊन बसायचे. म्या लई बोलायची त्यास्नी. म्हणायची, केलाव चूक तर सोडा की आता, घराकडं बघा जरा.” त्यांनी हातातल्या पत्रावळ्या खाली ठेवल्या. मला वाटलं आता मला घालवून देतील, आणि दिलं असतं तर बरंच झालं असतं. पण त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “मला सांगून काय हुणार? आईला सांग. त्येंला माईकवरचं तेवढं ऐकू गेलंय. तवापासून विचारायल्यात, माझ्या लेकाचं काय चुकलं हुतं म्हणून.”

तुमच्या आई ओसरीवर पांढऱ्या लुगड्यात बसल्या होत्या. त्यांना किती कमी ऐकू येतं ते मला ठाऊक नव्हतं. मी जवळ बसून हळू आवाजात सांगितलं. त्यांनी कानाला हात लावला. मी परत सांगितलं. “काय म्हणायलीय ही?” त्यांनी वहिनींना विचारलं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि काही सांगितलं नाही, ते मीच सांगायचं होतं. मग मी ओरडले. “त्यांची चूक नव्हती! माझी होती! मी त्यांना खोटं सांगितलं होतं!”

पंगत थांबली. सर दारात एक बूट घालून उभे होते, दुसरा हातात होता. उद्या ऑफिसात काय होईल ते होईल, त्याची मला आता भीती वाटत नाही. आईंनी माझा हात धरला, घट्ट धरला.

“मग त्याला सांगितलीस का?” त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणाले. त्यांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मला तेही ओरडून सांगावं लागलं.